मिठाच्या तळ्यापर्यंत एकशे दहा किलोमीटर

३ मार्च
गेली दोन वर्षं पॅसेजमध्ये, चपलांचं कपाट आणि वॉशिंग मशीनच्या मध्ये, हिची सायकल उभी आहे. दर रविवारी ही दातांच्या डॉक्टरच्या ग्रुपबरोबर पहाटे बाहेर पडते आणि अकराला घामाघूम होऊन गुणगुणत परत येते. पन्नाशीच्या बाईने गुणगुणावं असं सायकलमध्ये काय आहे, मला कळत नाही. आज म्हणाली, पुढच्या महिन्यात घाट चढून मिठाच्या तळ्यापर्यंत जायचंय, एकशे दहा किलोमीटर, तुम्हीही चला ना एकदा. दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. म्हटलं, येतो. त्यात काय एवढं. कॉलेजला मी सायकलनेच जायचो. कॉलेज दीड किलोमीटरवर होतं, पण चढ होता.

४ मार्च
संकल्प : रोज वीस किलोमीटर. उद्यापासून.

११ मार्च
सायकल आणली. दुकानदार म्हणाला, गादीची चड्डी घ्या. त्याला सुनावलं की पाण्याचे मीटर तपासणाऱ्या ऑफिसात मी तीस वर्षं लाकडी खुर्चीवर बसलोय. सीट उंच करा म्हणत होता. दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत, हा कॉमन सेन्स आहे.

१८ मार्च
सराव शून्य. वारा होता.

२९ मार्च
सराव : सहा किलोमीटर. डावा गुडघा कुरकुरला. जास्त सराव केला की ऐन दिवशी दम उरत नाही, असं कुठेतरी वाचलंय. म्हणून सराव बंद.

६ एप्रिल, सकाळी ५.४०
ग्रुप नाही, डॉक्टर नाही. आपण दोघंच जाऊ, असं हिनेच ठरवलं. चार उकडलेली अंडी माझ्या पिशवीत, ही वही खिशात. नोंदी ठेवणारं कुणीतरी हवंच.

७.१५
बारा किलोमीटर. नोंद करायला थांबलो. सीट म्हणजे कुऱ्हाडीचं पातं आहे. नाकात एक माशी गेली, ती अजून बाहेर आलेली नाही.

९.३०
दरी लागली. दोन्हीकडे तांबडे कडे, तळाला नदी. सायकल टेकवून ही म्हणाली, बघा तरी. बघितलं. कच्च्या मांसाच्या रंगाचे दगड आहेत. नदीला शेवाळ. खाली काहीतरी मेलेलं असावं, वास येत होता. ही म्हणाली, वास तुमच्या शर्टाला येतोय. नोंद करायला चौथ्यांदा थांबलोय. ही पाणी पिते आणि उभी राहते.

११.०५
घाट सुरू. पाटीवर एकोणीस वळणं. ही म्हणाली, तुम्ही तुमच्या वेगाने या, मी वर खिंडीत थांबते, तिथे बसून अंडी खाऊ. पुढच्या वळणाआड गेली. जरा घाईच झाली तिला.

१२.२०
उतरून चालतोय. स्नायूंना बदल हवा असतो. वळणं झाली : तीन. अंडी संपली. उन्हात खराब झाली असती आणि हिला बाधली असती.

१.१०
शेळ्यांचा ट्रक थांबला. चालवणारी बाई म्हणाली, कुठे निघालात आजोबा? मी बावन्न वर्षांचा आहे. सायकल बिघडली म्हणून सांगितलं. तिने चाक फिरवून बघितलं, ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाली, मागे चढा. बेत : खिंडीच्या अलीकडच्या वळणावर उतरायचं, शेवटचे दोनशे मीटर सायकलने. ही फसवणूक नाही, नियोजन आहे.

२.००
ट्रकमध्येच. एका शेळीने माझ्या बुटावर जे केलं ते लिहिण्यासारखं नाही. अलीकडच्या वळणावर मी हाका मारल्या, शेळ्यांनीच ओ दिली. मग खिंड आली. ही दगडी कठड्यावर बसली होती, हेल्मेट मांडीवर, नजर खालच्या रस्त्यावर. ट्रक अगदी हळू झाला होता. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी शेळ्यांच्या मागे खाली बसलो. तिची विश्रांती मोडायला नको म्हणून.

२.५०
तळ्यावर पोचलो. ट्रक शेळ्या उतरवायला पुढे गेला. तळं पांढरंफटक, कडेला गुलाबी फेस, फेसावर चिलटं. लोक याचे फोटो काढतात. फोनला रेंज नाही. हिला सांगायचं : दुसऱ्या रस्त्याने आलो. ही अर्ध्या तासात येईलच.

४.१५
आली नाही. हिच्या वेगाचं उगाच कौतुक चालतं.

५.३०
आली नाही. तळ्याकडे पाठ करून उभा आहे. कॅन्टीनवाला म्हणाला, खिंडीपलीकडे कठडा तुटलाय दोन ठिकाणी. विचारलं नव्हतं त्याला.

६.४०
आली. चेहऱ्यावर धुळीचे ओघळ. तिने तोंड उघडण्याआधीच मी दुसऱ्या रस्त्याचं सांगून टाकलं. वाटेतल्या पुलासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, दुसरा रस्ता नाहीये.

पावणेतीनपर्यंत वाट बघून ती मला शोधायला परत खाली उतरली होती. एकोणीसच्या एकोणीस वळणं. पायथ्याशी रिकामा ट्रक परतताना भेटला. बाईने सांगितलं, आजोबांना तळ्यावर सोडलंय. वर सोडते म्हणाली, तर ही नको म्हणाली. सायकलनेच पुन्हा घाट चढली.

विचारलं, उतरायला एवढा वेळ का लागला. म्हणाली, प्रत्येक वळणावर थांबून दरीत बघत होते. तुमची सायकल दिसू नये, एवढंच.

मग तिने अंडी मागितली.

७ एप्रिल, संध्याकाळी
रात्रीच्या बसने परतलो, सायकली टपावर. ऑफिसात सगळ्यांनी किलोमीटर विचारले. एकशे दहा सांगितले. ही भाजी चिरताना डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. पुढच्या महिन्यात मोठी टूर आहे, चार दिवसांची. मी दाराशी उभा राहिलो. विचारलं असतं तर या वेळी नीट सराव करायची माझी तयारी होती. तिने भाजी चिरून संपवली, सुरी धुतली आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करून माझ्या शेजारून बाहेर गेली. मी तिथे आहे हे तिच्या लक्षात आलं नसावं.