पिशवीत कोणती भरायची

दि. १३ सप्टेंबर
मळ्यातून, ता. वाशी

योगीराज,

फोन उचलायला हात मोडलेत का तुझे? पोळ्यापासून लावतीय, घंटी वाजून वाजून गप होती. आपल्या वाईनवाल्या शांतलिंगाचा फोन मात्र झटदिशी उचलतोस. काल त्यो माझ्या म्होरंच उभा होता, दोन्ही हात नळीत गुतलेले, म्हणून स्पीकर लावला हुता. तुझं बोलणं म्या माझ्या कानानं ऐकलं. "आक्काला नको सांगू, ती उगं डोकं खाती." व्हय का? मग आता ही चिठ्ठी खा. बालाजी टेम्पो घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देते. बायकूच्या हातात न्हाय, योगीराजच्याच हातात दे, असं बजावलंय त्याला.

आशीर्वाद राहिलाच. तुला, आरोहीला, वर्षाराणीलाबी अनेक आशीर्वाद. हितं समदं ठीक हाय. पाऊस बक्कळ झाला. भुरी म्हस व्याली, रेडी हाय. अक्षर लागलं न्हाय तर आरोहीकडनं वाचून घे. न्हाय, नको. तूच वाच. चौथीच्या शाळंत यवढंच शिकवत्यात.

आता कामाचं. पिशवीत वाईन भरून खोक्यातनं इकायची, त्याची खोकी आलीत, रुपेरी पिशव्या आल्यात, तोट्या आल्यात. वाईनच्या शेडात पाय ठिवाया जागा न्हाय. भरायचा मशीनवाला घट बसायच्या दिवशी येणार. आणि तू त्या पोराला सांगतोस, लाकडी पिंपातली जुनी लाल हाय ती पिशव्यात भर. समदी भर!

शांतलिंग बिचारा तुला काकुळतीनं सांगत होता. "साहेब, पिंपातली नका हो. ती काचंच्या बाटलीत भरायची हाय. पिशवीत हळूहळू हवा शिरती, तोटीतनंबी शिरती. सा-आठ महिन्यात पिऊन संपायची तीच पिशवीत घालावी. यंदाची पांढरी घ्या, गुलाबी घ्या. ताजी हाय, ताजीच जाईल. ही लाल अजून मुरलीबी न्हाय. हिला दोन-तीन वर्सं बाटलीत बसू द्या."

तू काय म्हणलास? "बसायचंच न्हाय तिला. लग्नसराईत संपून जाईल. मला दिवाळीच्या आत शेड मोकळं पायजे."

पोरानं फोन ठिवला आन् माझ्याकडं बघितलंबी न्हाय.

हे बघ, म्या वाईन जल्मात तोंडाला लावली न्हाय. वासावरनं कळतं म्हणशील तर तेबी कळत न्हाय. मला समद्या पिंपांचा वास चिंचंच्या कोळावाणीच येतो. पण कोणती पिशवीत घालायची न्हाय ते मी एकदा बघितलंय, आन् तूबी बघितलंयस. मागल्या साली वर्षाराणीच्या मैत्रिणींना गोड लागतीया म्हणून गोड वाईन पिशवीत भरायला लावलीस. शांतलिंग नको नको म्हणत होता, आत साखर हाय, ती परत आंबून फसफसंल. तू म्हणलास, "तू पुस्तकं वाचत बस." मग काय झालं? पिशव्या फुगून टम्म, गाभण म्हशीवाणी. एक तर वर्षाराणीच्या नव्या गाडीच्या डिकीत फुटली. महिनाभर त्या गाडीत बसलं की माणूस पिऊन आल्यावाणी वासायचं. तवा तू मला म्हणलावतास, "आक्का, हितनं म्होरं शांतलिंगाला इचारल्याबिगर पिशवीत काय घालणार न्हाय." हसत हसत म्हणलावतास. मीबी हसले.

म्हंजे तुला कळत न्हाय असं न्हाय. तुला समदं कळतं. म्हणून तर माझी झोप उडाली.

ही लाल कोणती हाय, ते तुला सांगायला पायजे का? विहिरीखालच्या तुकड्यातली हाय ती. आप्पा त्या तुकड्याला काय म्हणायचे ते मी लिवणार न्हाय. वाशीच्या रजिस्टर हापिसातलंबी काय काढणार न्हाय. झालं ते झालं. पण पिंपं आली तवा तूच त्याच्यावर थाप मारून म्हणलावतास, "आक्का, ही इकायची घाई न्हाय. ही आरोहीच्या लग्नात काढू. बाटलीवर तिचं नाव घालू, पंगतीला तुझ्या हातनं पहिली उघडू." पोरगी अजून कॉलेजात हाय. लग्नाचं नाव न्हाय. आन् तू पिंपं उपसायला लागलास.

जाऊ दे. दुसरं सांगते. आप्पांची तिथी झाली. तू आला न्हाईस. पान म्या वाढलं, कावळ्याला हाका म्याच मारल्या. लई येळ आला न्हाय. शेजारची सिताबाई म्हणली, "ल्योक आल्याबिगर न्हाय शिवायचा त्यो." मी म्हणलं, "मग कावळ्याला पुण्याला धाडा." हसली ती. मला काय हसू आलं न्हाय.

गुंडाप्पाबी येऊन गेला. छाटणीची टोळी ठरवायला दरसाली येतो तसाच आला असंल म्हणून म्या च्या ठिवला. त्यो दारातच उभा. म्हणला, "बसत न्हाय आक्का. मालकांचा फोन आलता, यंदा छाटणी न्हाय म्हणले. बरं हायत ना मालक?" मी म्हणलं, बरं हायत. दुसरं काय म्हणू? ऑक्टोबरची छाटणी न्हाय म्हंजे द्राक्षाचा माल न्हाय. बाग धरायचीच न्हाय. हे मी गुंडाप्पाच्या तोंडनं ऐकायचं!

योगीराज, मी कमी शिकलीय, खुळी न्हाय. ज्याला पुढल्या साली हितं ऱ्हायचंय त्यो माणूस बसायची वाईन पिशवीत घालत न्हाय. ज्याला निघायचंय त्योच घालतो. हाय त्ये लवकर भरा, लवकर प्या, खोकं फेका.

आन् परवा ती दोन माणसं आली. पित्रांच्या पंधरवड्यात कुणी नवं काम काढत न्हाय, पण आली. टेप घेऊन बांधापासनं विहिरीपतोर गेली, तितनं शेडापतोर आली. शेडाच्या भिताडावर हात फिरवत एक म्हणला, "हे पाडावं लागंल." मग म्या च्या दिला. च्या पिऊन झाल्यावर त्यातला धाकला, चांगल्या घरचा दिसत होता, बोलायला गोड, त्यो म्हणला, "मावशी, तुम्ही हितं कामाला हायेत का?"

मी व्हय म्हणलं.

का म्हणलं ते मला ठावं न्हाय. कपबशा उचलल्या आन् म्हणलं, व्हय, कामाला हाय.

आता काढणार न्हाय म्हणलं हुतं तेबी काढते. सासरहून, माकणीवरनं मी पत्र्याची पेटी घेऊन आले, नवऱ्यानं दुसरी घरात घेतली म्हणून, तवा तू कॉलेजात होतास. आप्पा माझ्याकडं बघून म्हणले, "विहिरीखालचं द्वारकीचं." तोंडानंच म्हणले, कागुद केला न्हाय. त्यांच्या माघारी तू हक्कसोडीवर सही मागितलीस. सारा गाव मला म्हणला, देऊ नको. समद्या बहिणी देत्यात म्हणून म्या दिली. तुझ्या तोंडाकडं बघून दिली. तवा हापिसाच्या पायरीवर तू माझी पिशवी हातात घेतलीस आन् म्हणलास, "आक्का, सही कागदाला हाय. तू हाय तवर घर तुझंच हाय." ते मी धरून बसलीय. माझ्याकडं त्याचाबी कागुद न्हाय.

मला पुण्याला ने म्हणत न्हाय. तुझ्या फ्लॅटात मला दोन दिस करमत न्हाय, वर्षाराणीलाबी माझं करमत न्हाय. मला तुकडाबी नको. मला कुणाच्या तरी तोंडनं न्हाय, तुझ्या तोंडनं ऐकायचंय. भाऊबीजेला साडी बालाजीच्या हाती धाडलीस, ती नेसले. पण हे बालाजीच्या हाती धाडू नको. शांतलिंगाच्याबी न्हाय.

मी काय इचारत न्हाय. ते लोक कोण, किती ठरलं, कवा ठरलं, काय न्हाय. फकस्त पिशवीत कोणती भरायची ते सांग. पांढरी म्हणलास तर मी गुंडाप्पाला सांगावा धाडते आन् दरसालावाणी घट बसवते. लाल म्हणलास तर पिंपाला नळी मी सोता लावीन. पिशव्या भरून दीन, एक थेंब सांडू देणार न्हाय, तुझ्या मालाचं नुकसान करणार न्हाय. पण मग घट बसवणार न्हाय. नऊ दिस हालवता येत न्हाय त्याला. ज्या घरात मी कामाला हाय, तितं देवी कशाला बसवू?

सर्वपित्री अमावस्येला दुपारी आप्पांचं पान परत वाढणार हाय. ते वाढायच्या आत फोन कर. माझ्या फोनवर कर. लांबड लावू नको, वर्षाराणीला मधी घालू नको. एकच शबुद सांग, लाल का पांढरी.

त्या दुपारपतोर तुझी,
आक्का