पुढच्या चाकांवर कोण बसणार

गांधीधाम,
रविवार, सुट्टीचा दिवस

तीर्थरूप महिपती तात्यांच्या पायांवर ऋषिराजनं लांबूनच डोकं ठेवलं आहे, ते मानून घ्यावं. तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? छकुली अभ्यास करते का नुसते फोटो काढते? इथं मी खुशाल आहे, फक्त पाणी खारं आणि चहा नको इतका गोड. फोन सोडून पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्ही “बरा हायेस नव्हं? ठिवतो” म्हणून खरंच ठेवता. कागद मधेच कट होत नाही. (चष्मा लागत नाही असं तुमचं म्हणणं असल्यामुळं काकू वाचून दाखवील. काकू, सावकाश वाच, मधे भाकरी टाकायला उठू नको.)

मागच्या फोनला तुम्ही म्हणालात, हंगाम सुरू झाला, कालव्याच्या चढाला ट्रॅक्टर तोंड उचलतोय, म्होरं बसायला माणूस न्हाय, निघून ये. त्याच दिवशी छकुलीचा फोटो आला. ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरवर काकू, पदर खोचलेला, एका हातानं हेडलाईट धरलाय आणि दुसरा हात हसून वर केलाय. तो फोटो बघून मी दोन दिवस जेवलो नाही. (एक दिवस. दुसऱ्या दिवशी मेसला अंडाकरी होती.)

सातवीतून शाळा सुटल्यावर पाच हंगाम मी त्याच बंपरवर काढले. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायला लागल्या की पुढची चाकं हलकी होऊन जमीन सोडतात, ती दाबायला मी. पाठीला रेडिएटरची धग आणि समोर सगळं सणसर गाव. “ह्या पोराचं घरात वजन हाय ते एवढंच,” असं तुम्ही चारचौघांत सांगायचा आणि मला लाज वाटायच्या ऐवजी छाती फुगायची. चढाच्या आधी मी दोन भाकरी जास्त खायचो आणि चढावर श्वास रोखून धरायचो, भरलेला माणूस जड होतो अशा समजुतीनं.

आता इथलं काम ऐका. मी मालाच्या यार्डात आहे. ट्रक आला की प्रत्येक चाकाखाली वजनाची चपटी पाटी सरकवायची आणि कुठल्या चाकावर किती भार आला ते लिहायचं. तात्या, गाडीचं वजन एक असतं पण ते चाकांना सारखं वाटून मिळत नाही, भावकीत वाटणी होते तसं आहे. गेल्या आठवड्यात एक दहाचाकी आली, दोन मोठे संगमरवरी दगड पार शेपटाला ठेवलेले. एकूण वजन नियमात, पण पुढच्या चाकांवर आकडा इतका कमी की मला वाटलं पाटीच बिघडली. मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी तोंड उचलंल. त्यानं माझं शिक्षण विचारलं. मी खरं सांगितलं. तो गाडीत जाऊन बसला.

गेटाजवळच्या चढावर गाडी उभी राहिली, म्हणजे अक्षरशः उभी राहिली. ड्रायव्हर वर, आकाश बघत. आणि तात्या, मला काही सुचायच्या आत माझे पाय पळाले आणि मी उडी मारून त्याच्या बंपरला लोंबकळलो. गाडी हलली नाही. मी लोंबकळतोय, ड्रायव्हर वरून विचारतोय की हा कोण, आणि सगळं यार्ड हसतंय. शेवटी क्रेननं दगड उतरवले तेव्हा मी आणि गाडी बरोबर खाली आलो.

आमच्या वृषाली मॅडम बारामतीच्या आहेत, त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, बसल्यानं गाडी खाली येते हे कुणी सांगितलं? मी तुमचं नाव सांगितलं. ट्रॉल्या किती, ऊस किती, माझं तेव्हाचं वजन किती, सगळं विचारून त्यांनी कागदावर मांडलं आणि म्हणाल्या, मागं वीस टनांची ओढ असताना पुढं तुझ्या पन्नास किलोनं काही होत नव्हतं. ट्रॅक्टर उलटला नाही ते नशीब. आणि उलटला असता तर पहिला तूच. तात्या, पाच हंगाम मी काहीच धरलं नव्हतं. नुसता बसलो होतो.

म्हणून मी येत नाही. आणि काकूला आजच उतरवा. चढाला एकेक ट्रॉली न्या, दोन खेपा झाल्या तर होऊ द्या. इथं ओतीव लोखंडाची दोन वजनं मिळाली आहेत, ती टेंभुर्णीकडं जाणाऱ्या ट्रकवर घालतो. पुढं नटबोल्टनं आवळा. ती भाकरी मागत नाहीत.

तुमचा,
ऋषिराज

ता.क. काकूचं वजन विचारायची माझी हिंमत नाही, म्हणून अंदाजानं तिच्या चौपट लोखंड घेतलंय. राग आला तर आठपट समजावं.

ता.क. दुसरं. (काकू, हितनं पुढं मनात वाच.) परवा तू फोनवर म्हणालीस, “त्या बसण्यानं काय हुतंय मला ठाव हाय रं. पण मी म्होरं दिसले की ह्यांचा रेसवरचा पाय हलका पडतो.” हे मी मॅडमना सांगितलं. त्यांच्याकडं त्याचा हिशोब नव्हता. मी मात्र आजचा सगळा रविवार त्यावर घालवला. तात्या एवढे सावकाश का चढायचे, आणि चढ संपल्यावरच मला शिव्या का द्यायचे, ते आता कळलं.

नुसतं लोखंड बघून ते जोरात नेतील. म्हणून पाठवायच्या आधी दोन्ही वजनांवर पिवळ्या ऑइलपेंटनं नावं घातली आहेत, मोठ्या अक्षरात, ड्रायव्हरच्या सीटकडं तोंड करून. डावीकडं तुझं, भागूबाई. उजवीकडं माझं, तसंही ती माझीच जागा होती. एवढं मोठं त्यांना चष्म्याशिवाय दिसंल.

तू उतर.