जेवणाआधी अर्धा तास

बाबा,

मी तुमचा थोरला मुलगा. वय पंचावन्न, वाणिज्य पदवीधर, गडचिरोलीच्या एका महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक. हे पत्र तक्रारीचे आहे. तक्रार तुमच्या औषध घेण्याच्या पद्धतीबद्दल आहे आणि तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षे झाली तरी ती मिटलेली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या पोटात दुर्बीण घालून पाहिली. जठरात व्रण निघाला. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली: सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे, बरे वाटले तरी बंद करायची नाही. मी घड्याळ लावून ती घेतो. तीस मिनिटे पुरी होईपर्यंत तुमची सून पोह्यांची कढई झाकून उभी असते आणि विचारते, "साहेब, पेपर सुटला का? आता वाढू?" तर औषध लिहून देताना डॉक्टरांनी विचारले, "वडिलांना असा त्रास होता?" मी म्हणालो, "होता. त्यांनी औषध नीट घेतले नाही, त्यात गेले." हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितले आहे की आता ते आपोआप निघते. डॉक्टरांनी ते लिहून घेतले. परतताना एसटीत बसल्यावर मला ते प्रथमच अपुरे वाटले. अपुरे काम मला चालत नाही, म्हणून लिहितो.

वाक्य खोटे नाही. माजरीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमधले स्वयंपाकघर मला आजही दिसते. तुम्ही पहिल्या पाळीवरून येता, भिंतीला टेकून बसता, ठेच्यासोबत तीन भाकरी खाता, पोटात आग सुरू झाली की मग औषधांचा डबा मागता. कॅप्सूल फोडता आणि आतले दाणे बडीशेपेसारखे चावता. मी म्हणतो, "बाबा, ती जेवणाआधी घ्यायची असते. अख्खी गिळायची असते."

"आग लागली नाई तं पाणी काऊन टाकू?" तुम्ही म्हणता.

आई तव्यावरून नजर न काढता म्हणते, "त्यायले नको सांगू. लगनापासून माह्यं एक नाई आयकलं यायनं."

कंबरेची गोळी मात्र तुम्ही रोज पहाटे, पोटात अन्नाचा कण नसताना, काळ्या चहाबरोबर न चुकता घेत होता. पोट जाळणारी गोळी वेळेवर आणि वाचवणारी अवेळी, हा तुमचा नेम. मी वेळापत्रक करून भिंतीवर लावले. तुम्ही त्याच्याच खाली बसून जेवलात. चार दिवस जळजळ थांबली, तर उरलेले पाकीट सोबतीच्या कामगाराला देऊन मोकळे झालात. "त्यालेही जळून राह्यलं होतं. मले तं बरं वाटते." यावर शहाण्या माणसाने काय बोलावे?

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी रजेवर आलो होतो. विभागीय परीक्षा जवळ होती. मागच्या अंगणात बाजेवर पुस्तक घेऊन बसलो होतो. तुम्ही पाय धूत होता. आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणालात, "तीन दिस झाले, संडासले काळं होऊन राह्यलं. डांबरावानी. चक्करबी येते."

मी पुस्तकातून डोके वर काढले नाही. म्हणालो, "खाणीत तोंडाने श्वास घेता. कोळसा पोटात जाणार, तो काळाच निघणार. नाकातोंडाला रुमाल बांधत जा."

"असं होय का," म्हणून तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी आईने तुमच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याबद्दल विचारले, तेव्हा तुम्ही अभिमानाने सांगितलेत, "काई नाई, कोळसा होय तो. पोरगा म्हणते." त्याच संध्याकाळी मी भद्रावतीच्या बाजारातून जाड सुती रुमाल आणून दिला.

तो कोळसा नव्हता. व्रणातून वाहणारे रक्त होते. मला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले: असे दिसले तर त्याच क्षणी दवाखान्यात या. तुम्ही मला सांगितल्यावर आणखी दोन पाळ्या केल्यात. तिसरीला खाणीच्या दारातच कोसळलात आणि दवाखान्यात रक्त चढवेपर्यंत उशीर झाला होता.

आयुष्यभर तुम्ही माझे काही ऐकले नाही, हे मी आजवर सांगत आलो. तेही बरोबर नाही. माझी एक सूचना तुम्ही तंतोतंत पाळलीत. तुम्ही पडलात तेव्हा रुमाल नाकातोंडावर घट्ट बांधलेला होता; गाठ मी दाखवली तशी, मागच्या बाजूला. ती सुटेना, म्हणून तुमच्या सोबत्याने कापली.

डॉक्टरांकडे मंगळवारी पुन्हा जायचे आहे. वडिलांविषयीची माहिती दुरुस्त करून घ्या, असे त्यांना सांगणार आहे, असे मी येथे लिहिणार होतो. पण तुमच्या सुनेलाही मी हे अजून सांगितलेले नाही, आणि मंगळवारी माझ्या तोंडून जुनेच वाक्य निघेल, अशी मला भीती आहे.

तुमचा
थोरला मुलगा
गडचिरोली, रविवार