न विचारता गायला लावलेला आवाज

आई, गेल्या महिन्यात अड्यारच्या एका हॉलमध्ये तू गायलीस. दादाच्या मुलीचं लग्न होतं. अंतरपाट धरला आणि स्पीकरमधून तुझ्या आवाजात मंगलाष्टकं सुरू झाली, त्यात नवरीचं नावसुद्धा. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. दादाने तुझ्या जुन्या कॅसेटी गिंडीतल्या एका कंपनीला दिल्या होत्या, आणि आता त्यांचा कॉम्प्युटर तुझ्या आवाजात सांगू ते गातो. बायका डोळे पुसत होत्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

कारण तू एकदाही श्वास घेत नव्हतीस. तुझा दमा मी कशी विसरेन? ओट्याला टेकून तू मला शिकवते आहेस, शेजारी सांबार उकळतंय. ओळ मध्येच सोडून तू श्वास घेतेस, छातीतली घरघर ऐकू येते, मग पुढचा शब्द उचलतेस. मी मात्र तोंड मिटून हळूच श्वास घेते, आणि तू रागावतेस, "श्वास चोरू नकोस. ऐकू आला तर येऊ दे, माणूस गातंय."

जेवणं चालू असताना मी दादाला बाजूला घेतलं. तो शांतपणे म्हणाला की कंपनीवाल्यांनी घरघर साफ करून दिली, आवाज आईचाच आहे.

"नातीच्या लग्नात आई असावी असं वाटलं गं."

"तुला वाटलं. तिला विचारलंस?"

तेवढ्यात इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आले. गणपतीत याच आवाजात आरत्या मिळतील का, असं ते विचारू लागले, जणू मांडवासाठी खुर्च्याच मागत होते. जाहिरातीत गा म्हणून स्टुडिओची माणसं घरी आली होती, तेव्हा त्यांना कॉफी पाजून तू सरळ नाही म्हणाली होतीस. आता तुझ्या वतीने नाही कोण म्हणणार? मीच म्हणाले, चारचौघांत, आवाज चढवून. अध्यक्ष वरमून निघून गेले. वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

संध्याकाळी दादा माझ्याजवळ येऊन बसला. इतका त्रास होत असेल तर सगळं पुसून टाकतो म्हणाला, फक्त तू हो म्हण.

उद्या सांगते, असं मी त्याला म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. पुसायचं तरी तुला न विचारता मी कसं ठरवू?