गाईसाठी उतार

डमडम, कोलकाता
४ जानेवारी २०२५

ती. विजयाअक्कास,
शरदचा वाकून नमस्कार. फोनवर नकाशा मुंगीएवढा दिसतो अशी तुझी तक्रार, म्हणून कागदच पोस्टाने पाठवतोय. बराकपूरच्या पुढे गंगेकाठी घेतलेल्या जागेवर आता घर उभं राहणार! छपरावर सौर पॅनल, खाली पावसाच्या पाण्याची टाकी, मागे भाजी, आणि गाय. शेणाचा गोबरगॅस, गॅसवर चहा. बाहेरून आणायचं ते फक्त मीठ. शैला म्हणते, रिटायर्ड बँक मॅनेजरला ही गाय उभं तरी करेल का? तुझा भाचा केयूर न्यू टाउनच्या ऑफिसातून कळवतो की टाकी किती भरली ते मोबाइलवर दिसेल. मी म्हटलं, झाकण उघडूनही दिसतं.

आमचे श्यामसुंदर मिस्त्री म्हणाले, मागे एकदा इथे कमरेपर्यंत पाणी आलं होतं. म्हणून घर खांबांवर उंच घेतलंय. नदीकडची खोली तुझी. पुण्यात एकटीने राहणं आता पुरे झालं. चुका काढून पाठव. चाळीस वर्षं चित्रकला शिकवलीस, हात शिवशिवत असतील.

तुझ्या बोलण्याची वाट पाहणारा,
शरद

पुणे
१५ जानेवारी

चि. शरद,
तुला आणि शैलाला पोटभर आशीर्वाद. लाल पेन्सिलीने सतरा खुणा केल्यात. अरे, स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच शेणाची टाकी? शहाणाच आहेस! आणि सगळं छप्पर पॅनलांनी व्यापलंय, शैलाने पापड कुठे वाळवायचे?

माझी खोली फार छान आहे. पण पायऱ्या मोजल्या, चौदा आहेत. फोनवर मी सांगत नाही, पण सोसायटीच्या चार पायऱ्या उतरायलासुद्धा मला शेजारच्या मृणालचा हात लागतो. तेव्हा माझं येणं काही जमायचं नाही. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. ती खोली केयूरला दे.

रागावू नकोस, माया आहे तशी असू दे.
अक्का

डमडम
२७ जानेवारी

ती. अक्कास,
नमस्कार, आणि कान धरून माफी. तुझं पत्र वाचून शैला माझ्यावर चांगलीच उखडली. म्हणाली, गाईच्या शेणापर्यंत सगळा विचार केलात, आणि अक्कांच्या गुडघ्यांचा नाही. खरंच गं, लाज वाटली.

शेणाची टाकी हलवली, पापडांना जागा केली. आणि घराला वळसा घालून वर जाणारा उतार काढलाय. त्यात पालकाचा वाफा गेला, म्हणजे मिठाबरोबर आता पालकही बाजारातूनच. मिस्त्रींनी विचारलं, उतार कशाला? तुझ्या गुडघ्यांची जाहिरात गावभर नको, म्हणून सांगितलं की पुरात गाईला वर घ्यायला. त्यांना ते एकदम पटलं. दोन्ही बाजूंना कठडा सांगितला, तेही त्यांनी ऐकून घेतलं. पण मध्यावर टेकायला बाक सांगितला तेव्हा मात्र ते माझ्याकडे बघतच राहिले.

आता नाही म्हणू नकोस.
शरद

पुणे
६ फेब्रुवारी

चि. शरद,
आशीर्वाद. इतकी हसले की मृणाल धावत आली. मग रडलेही थोडी.

बाकाचं तोंड नदीकडे कर. कठडा फार उंच नको. घर झालं की तिकीट काढ, खालचाच बर्थ बघ. गोठ्याची घाई करू नकोस, आणि मिस्त्रींना सांग, गाय पुण्याहून येतेय.

तुझी,
अक्का