दाढ कोरडी ठेवायची म्हणजे

मंगळवार, संध्याकाळ

किडलेली मागची दाढ वाचली! दाताच्या रंगाचा मसाला भरायचा, तर ती पूर्ण कोरडी हवी. पाथरीच्या डॉक्टरीणबाईंनी कापूस लावला, तरी लाळ येतच होती.

“मामा, जीभ का हलवायलाव? ओलं राहिलं तर मसाला निघंल, मग दाढच काढावी लागंल.”

भीतीनं नामस्मरण चाललं होतं, जीभ आपोआप हलत होती. तसं सांगितल्यावर त्या हसल्या. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून म्हणाल्या, “आता नाव मनात घ्या.”

घेतलं. जीभ गप्प, तरी नाव चालू! हे आधी का जमलं नव्हतं? त्यांनी एकेक थर भरून निळ्या उजेडानं पक्का केला.

जेवताना त्याच बाजूनं भाकरीचा कडक काठ चावला. दुखलं नाही. रबराच्या पडद्याचं सांगितल्यावर बायको म्हणाली, “इतका वेळ गप बसलाव? ते रबर घरी का न्हाई आणलं?”