कोऱ्या चौकटीबाबत

प्रति,
मा. प्रवेश नियंत्रण अधिकारी,
महाविद्यालयीन क्रीडा प्रवेश कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : महिला क्रॉस कंट्री धावणे या प्रकाराच्या पसंतीपत्रावरील दोन फुल्यांचा अर्थ लक्षात घेऊन, कोऱ्या सोडलेल्या चौकटीतील महाविद्यालयात प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या पत्नीने भरून दिलेले पसंतीपत्र. २) आपले वाटपपत्र. ३) खिडकी क्रमांक चारवर मिळालेली तोंडी उत्तरे, एकूण सहा.

महोदय,

१. अर्जदार हा एका रुग्णालयात भांडारपाल आहे. मोजल्याशिवाय तो काही आत घेत नाही आणि सही घेतल्याशिवाय काही बाहेर सोडत नाही. त्यामुळे आपल्या कार्यालयाने त्याला सहा वेळा परत पाठवले याचा त्याला राग नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी असता, तर अर्जदारानेही त्याला निदान तीनदा परत पाठवलेच असते. तरी पुढील हकीकत एकदा पूर्ण वाचावी, ही विनंती आहे. खिडकीतून ती पूर्ण सांगता येत नाही. मागचा माणूस कोपर मारतो.

२. अर्जदाराची मुलगी लांब पल्ल्याची धावपटू असून, निवड चाचणीत तिचा नववा क्रमांक आला. आपल्या पत्रात तीन महाविद्यालयांची नावे छापून प्रत्येकापुढे चौकट दिली होती. मुलीची परीक्षा सुरू असल्याने ती तिन्ही महाविद्यालये अर्जदार व त्याची पत्नी यांनी सुट्टी टाकून पाहिली. पाहण्याचे काम खरे तर पत्नीने केले. अर्जदार मैदाने पावलांनी मोजत होता.

३. पत्नी तयार कपड्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षे तपासनीस होती. क्रमांक एकच्या महाविद्यालयात तेथील शिक्षकांनी चषकांचे कपाट उघडून दाखवले. तिने कपाटाकडे पाठ केली आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने मुलींशी बोलत बसली. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभे करतात, आकडा मोठ्याने वाचतात आणि वाढला असेल तर त्या दिवशी वेगळ्या टेबलावर बसवतात, हे तिला तेथे कळले. बाहेर पडल्यावर ती एवढेच म्हणाली, "पोरींना पळवतायत की वाळवतायत?" क्रमांक दोनमध्ये तिने पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींपैकी तिसऱ्या वर्षी किती जणी धावतात, असे विचारले. अकरापैकी दोन. उरलेल्या नऊ जणींचे काय झाले, हे सांगायला तेथे कोणीच नव्हते. क्रमांक तीनला धड मैदानसुद्धा नाही. मागच्या फाटकातून वाट शेतात उतरते आणि पुढे टेकाड चढते. तेथील प्रशिक्षक बाई फाटकाशी हातात वही घेऊन उभ्या होत्या. पुढच्या सहा जणी कधीच येऊन हातपाय धुऊन बसल्या, तरी सातवी येईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. क्रॉस कंट्रीत सात जणी धावतात आणि पहिल्या पाच जणींचेच क्रमांक धरतात. त्यामुळे सातव्या मुलीसाठी थांबणे अर्जदाराला हिशोबात बसेना. तसे तो बोललाही. त्यावर पत्नी (ती भांडारपाल नवऱ्याला 'स्टोअर' म्हणे) म्हणाली, "अहो स्टोअर, आपली पोरगी कधीतरी सातवी येणारच आहे. तेव्हा कोणी उभं असायला नको का?"

४. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातील ओट्यावर तिने पसंतीपत्र भरले. क्रमांक एकपुढे फुली. क्रमांक दोनपुढे फुली. क्रमांक तीनची चौकट कोरी. कारखान्यात ज्या शर्टाची शिवण उसवली असेल त्यावर तपासनीस खडूने फुली मारतात, आणि चांगला शर्ट नुसता पुढे सरकवतात. चांगल्या मालावर खूण करायची नसते. केली तर तो धुवावा लागतो. "पसंतीच्या महाविद्यालयापुढे फुली करावी" ही आपली सूचना पत्राच्या मागील बाजूस तळाशी आहे. ती अर्जदाराने वाचली नाही. औषधांच्या खोक्यांवरील बारीक अक्षर वाचण्याचा त्याला पगार मिळतो, हे येथे नमूद करावे लागत आहे. नंबर लागेपर्यंत मुलीला काही सांगायचे नाही, नाहीतर उगाच आस लावून बसेल, असे पत्नीने ठरवले होते. पत्र दिल्यानंतर अकराव्या दिवशी ती कामावरच, तपासणीच्या टेबलाशी, कोसळली व रुग्णालयात नेण्यापूर्वीच वारली. दाखला सोबत जोडला आहे.

५. तिसऱ्या आठवड्यात वाटपपत्र आले. आपल्या यंत्राने पहिली फुली ही पहिली पसंती धरून क्रमांक एक दिलेला आहे. सोबत वजनाचा दाखला आणावा, असेही त्यात म्हटले आहे. वाटपपत्रावर पसंतीच्या चौकटी जशाच्या तशा छापून येतात. मुलीने क्रमांक एकपुढची आईची फुली पाहिली आणि ते पत्र घडी करून उशीखाली ठेवले. "आईने खूण केलीय ना, मग मी तिथेच जाणार," असे ती म्हणते. त्या दिवसापासून ती ताटातील चारपैकी दीड पोळी खाते. अर्जदार मोजतो. फुलीचा अर्थ त्याने तिला समजावून सांगितला. तिने फक्त विचारले, "म्हणजे आईचं चुकलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

६. खिडकी क्रमांक चारवरील लिपिकांचे म्हणणे असे, की पसंती बदलायची असल्यास ज्यांची सही आहे त्यांनीच यावे. त्या हयात नाहीत, असे सांगितल्यावर त्यांचे संमतीपत्र मागण्यात आले. दाखला दाखवल्यावर ते गृहस्थ ओशाळले, त्यांनी अर्जदाराला बसायला खुर्ची दिली आणि पुन्हा तेच सांगितले. अखेर अधीक्षक बाईंनी अर्जदाराला बाजूला घेतले. पालकाच्या मृत्यूनंतर पसंती बदलता येत नाही, मात्र भरणाऱ्याची चूक झाली असल्यास दुरुस्ती करता येते. "काका, चूक झाली एवढी एक ओळ लिहून द्या, मी फाईल आजच वर पाठवते." कागदही त्यांनीच दिला. अर्जदार तो कागद दोनदा कोरा घेऊन घरी गेला.

७. कारण असे, की चूक झालेली नाही. एकोणीस वर्षांत तिने पुढे सरकवलेला एकही शर्ट परत आला नाही. कारखान्याचे मालक अंत्यविधीला आले तेव्हा दुसरे काही न सुचून हेच सांगत होते. ज्या दोन ठिकाणी फुली हवी होती तेथे तिने फुली मारली आणि जी जागा मुलीच्या योग्य होती तिला हात लावला नाही. तिच्या माघारी तिच्या नावावर एकच चूक लागावी, आणि ती नवऱ्याने सही करून लावावी, हे अर्जदाराला जमेना. सबब आजपर्यंत विलंब झाला.

८. उद्या मुदत संपते. आज सकाळी मुलगी धावून आली आणि दाराशी बसून बूट सोडता सोडता बराच वेळ तशीच बसून राहिली. विचारल्यावर म्हणाली, "काही नाही, चक्कर आली." म्हणून, अधीक्षक बाईंनी सांगितलेल्या नमुन्यातच अर्जदार लिहून देत आहे :

"पसंतीपत्र भरताना माझ्या पत्नीकडून चूक झाली आहे."

९. वरील ओळ मान्य करून क्रमांक तीनच्या महाविद्यालयात प्रवेश द्यावा. दुरुस्ती झालेल्या प्रवेशपत्रावर "भरणाऱ्याच्या चुकीमुळे बदल" असा शिक्का मारतात, असे कळते. तो शिक्का कार्यालयाच्या प्रतीवर मारावा, पाहिजे तर दोनदा मारावा. मुलीच्या प्रतीवर मारू नये. तिच्या प्रतीवर ती जागा कोरी सोडावी.

एवढी एक मेहेरबानी व्हावी.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत बाहेरच्या बाकावर बसलेला,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, मुलीचे वडील

दिनांक : ४ जुलै

सोबत : १) पसंतीपत्राची छायाप्रत. २) मृत्यूचा दाखला. ३) वाटपपत्राची छायाप्रत (मूळ पत्र मुलीकडे आहे, तिला न विचारता काढून छायाप्रतीनंतर परत ठेवले आहे).